उंचीपलीकडचा प्रश्न : अकॉन्ड्रोप्लेशिया आणि मज्जासंस्था

अकॉन्ड्रोप्लेशिया हा हाडांच्या वाढीचा जन्मजात विकार आहे. दंड आणि मांड्या विशेष आखूड असणे, धडाच्या मानाने डोके मोठे असणे, कपाळ पुढे येणे आणि नाकाचा वरचा भाग बसका असणे ही त्याची लक्षणे जन्मतःच दिसू शकतात. सुमारे २५,००० जन्मांमागे एका बाळाला हा विकार असतो, आणि असे बाळ मोठे झाल्यावर पुरुषाची सरासरी उंची सुमारे १३१ सेंटिमीटर, तर स्त्रीची सुमारे १२४ सेंटिमीटर भरते. समाज या माणसांना उंचीवरून ओळखतो, कायदा त्यांना उंचीवरून मोजतो, आणि बाळाचे निदान झाल्यावर आईवडिलांचा डॉक्टरांना पहिला प्रश्नही बहुधा उंचीचाच असतो. परंतु अकॉन्ड्रोप्लेशियात जिवाला आणि हालचालीला जो खरा धोका संभवतो, त्याचा उगम उंचीत नाही. मेंदू, मज्जारज्जू आणि नसा हाडांच्या ज्या मार्गांतून जातात, ते मार्ग अरुंद राहण्यात तो आहे. हा धोका आयुष्याच्या ठराविक टप्प्यांवर येतो, तपासणीने आधी ओळखता येतो आणि बहुतेक वेळा टाळता येतो, हे प्रस्तुत व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हा विषय चेन्नईत मांडला जाण्याला विशेष औचित्य आहे. स्वतंत्र भारतात मेंदू आणि मज्जारज्जूवरील शस्त्रक्रियेचा पाया ज्या थोड्या ठिकाणी घातला गेला, त्यांत या शहराचे स्थान फार वरचे आहे. १९४९ मध्ये जेकब चंडी यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये मज्जाशल्यचिकित्सेचा विभाग सुरू केला; त्यापाठोपाठ १९५० मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे शिक्षण घेऊन परतलेले डॉ. बी. राममूर्ती (१९२२–२००३) यांनी मद्रासच्या सरकारी सामान्य रुग्णालयात हे काम आरंभले, आणि १९५१ मध्ये या दोघांनी बलदेव सिंग व एस. टी. नरसिंहन यांच्यासह न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना मद्रासमध्येच केली. कवटी आणि मान यांच्या सांध्यावरील शस्त्रक्रियेत भारताने पुढे जगन्मान्य काम केले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या स्थिरीकरणाची १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आज अनेक देशांत वापरली जाते. अकॉन्ड्रोप्लेशियातील शस्त्रक्रिया याहून वेगळी आहे, कारण त्यात मणके सैल असणे विरळा आणि जागा अपुरी असणे हेच नित्याचे असते. तरी शरीराच्या याच भागातील हातोटी तिथेही लागते. तात्पर्य, शस्त्रक्रियेचे कौशल्य देशात आहे. उणीव आहे ती बाळ वेळेवर त्या कौशल्यापर्यंत पोहोचण्याची.

विकाराचे मूळ

विकाराचे जनुकीय कारण १९९४ मध्ये उलगडले. चौथ्या गुणसूत्रावरील एफजीएफआर-३ या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि त्यामुळे तयार होणाऱ्या प्रथिनात ३८० व्या स्थानी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल येते. जगातील जवळजवळ सर्व रुग्णांत नेमका हाच बदल आढळतो. या प्रथिनाचे नेहमीचे काम हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या वाढीला आवर घालण्याचे असते. बदल झाल्यावर हा आवर प्रमाणाबाहेर बसतो आणि कूर्चेपासून घडणारी हाडे खुरटतात.

सुमारे ८० टक्के बाळांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात, म्हणजे हा बदल त्या बाळाच्या बाबतीत नव्याने घडलेला असतो. तो पित्याच्या शुक्रजंतूत उद्भवतो, आणि पित्याच्या वाढत्या वयाशी असलेल्या त्याच्या संबंधाकडे लायोनेल पेनरोझ यांनी १९५५ मध्येच लक्ष वेधले होते. तमिळ घरांत काय किंवा मराठी घरांत काय, ग्रहणात बाहेर पडल्याचा, डोहाळ्यांत काही वावगे खाल्ल्याचा किंवा पूर्वजन्मीच्या पापाचा ठपका बाळंतिणीवर ठेवला जातो. या ठपक्याला कसलाही आधार नाही, आणि हे कुटुंबाला निदानाच्या दिवशीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. पित्याचाही त्यात दोष नसतो, कारण असे बदल कोणाच्या इच्छेने किंवा वागणुकीने होत नाहीत. आईवडिलांपैकी एकाला हा विकार असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. दोघांनाही असेल तर चारांतील एका गर्भाला दोन्हीकडून सदोष जनुक मिळते आणि असे बाळ सहसा तान्हेपण ओलांडत नाही.

मज्जासंस्थेच्या दृष्टीने कळीची बाब अशी की कवटीची सर्व हाडे एकाच रीतीने घडत नाहीत. कवटीचे छत पातळ पडद्यातून थेट हाड बनून वाढते, तर तिचा तळ आधी कूर्चा आणि मग हाड अशा क्रमाने घडतो. अकॉन्ड्रोप्लेशियाचा आघात कूर्चेवर असल्याने छत नीट वाढते, किंबहुना मेंदू थोडा मोठाच असल्याने डोकेही मोठे होते. तळ मात्र आखूड राहतो आणि तळातून जाणारी रंध्रे लहान राहतात. मणक्यांच्या कमानींचेही तेच होते. आत वाढणारी मज्जासंस्था पूर्ण मापाची आणि तिच्याभोवतीचे हाडांचे आवरण अपुऱ्या मापाचे, या विसंगतीतून पुढील सर्व गुंतागुंती निर्माण होतात. बुद्धी सर्वसाधारण असते, हेही येथेच नमूद करणे आवश्यक आहे, कारण मोठे डोके आणि उशिरा चालणे पाहून अशा मुलांना मतिमंद ठरवण्याचा अन्याय आजही घडतो.

पहिली दोन वर्षे : महारंध्राची अरुंदता

कवटीच्या तळाशी असलेल्या ज्या मोठ्या छिद्रातून मेंदूचा खालचा भाग मज्जारज्जूला मिळतो, त्याला महारंध्र म्हणतात. या संधिस्थानी लंबमज्जा असते, आणि श्वासाची लय राखणारी केंद्रे तिच्यातच असतात. अकॉन्ड्रोप्लेशियात महारंध्र जन्मतःच लहान असते, पहिल्या वर्षात त्याची वाढ मंद राहते, आणि त्याच काळात बाळाचे जड डोके दुबळ्या मानेवर डोलत असते. त्यामुळे लंबमज्जा आणि मज्जारज्जूचा वरचा भाग हाडाच्या कडेवर दाबला जाऊ शकतो. दाब पुरेसा वाढला की झोपेत श्वास थांबू लागतो, आणि कोणतीही पूर्वसूचना न देता बाळ दगावू शकते.

१९८० च्या दशकापर्यंत असे मृत्यू अर्भकांच्या आकस्मिक मृत्यूंच्या सर्वसाधारण गणनेत मिसळून जात. १९८४ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मृत्यूंचा संबंध मानेतील दाबाशी जोडून दाखवला, आणि १९८७ मध्ये जॅकलीन हेक्ट व सहकाऱ्यांच्या मृत्युदराच्या अभ्यासात पहिल्या वर्षातील धोका ७.५ टक्क्यांपर्यंत असल्याचे दिसले. पुढे १९९५ मध्ये पॉली यांच्याच गटाने जन्मापासून पाठपुरावा केलेल्या अर्भकांच्या आधारे धोक्याच्या तीन खुणा निश्चित केल्या : पायांतील प्रतिक्षिप्त क्रिया अतितीव्र होणे किंवा घोट्याला झटका दिल्यावर पाऊल थडथडत राहणे, ज्याला क्लोनस म्हणतात, झोपेच्या तपासणीत मेंदूकडून येणारी श्वासाची प्रेरणाच मंदावलेली दिसणे, आणि महारंध्राचे माप याच विकाराच्या इतर बाळांच्या तुलनेतही लहान असणे.

यांतील पहिल्या खुणेसाठी कोणतेही यंत्र लागत नाही. अकॉन्ड्रोप्लेशियाच्या बाळांचे स्नायू सैल असतात आणि मान धरणे, बसणे, चालणे हे सर्व टप्पे उशिरा येतात. म्हणून केवळ उशीर हे दाबाचे लक्षण मानता येत नाही आणि त्यांची तुलना या विकारासाठीच तयार केलेल्या विकासतक्त्यांशी करावी लागते. परंतु सैल बाळाच्या पायांत ताठरपणा येऊ लागणे, क्लोनस मिळणे, आधी धरलेली मान पुन्हा पडू लागणे, गिळताना वारंवार ठसका लागणे किंवा दूध पिताना निळे पडणे या गोष्टींचा अर्थ वेगळा असतो, आणि लसीकरणाच्या भेटीत चार-पाच मिनिटे देऊन कोणताही बालरोगतज्ज्ञ त्या तपासू शकतो.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०२० मध्ये सुधारित केलेल्या मार्गदर्शिकेत प्रत्येक बाळाची मज्जासंस्थेची तपासणी आणि झोपेतील श्वास, प्राणवायू व मेंदूचे तरंग एकत्र नोंदवणारी स्लीप स्टडी लवकरात लवकर करण्यावर भर आहे. सर्वच बाळांचा एमआरआय करावा की खुणा दिसलेल्यांचाच, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. त्याचे एक कारण लहान बाळाला एमआरआयसाठी द्यावी लागणारी भूल हे आहे. बाळ दूध पिऊन गाढ झोपलेले असताना भुलीशिवाय एमआरआय काढण्याची रीत त्यामुळे अनेक केंद्रांनी स्वीकारली आहे. लंडनमधील चिकित्सकांनी २०२१ मध्ये एमआरआयवरून अरुंदतेच्या शून्य ते चार अशा श्रेणी ठरवल्या, ज्यांत चौथी श्रेणी म्हणजे मज्जारज्जूच्या पेशींना इजा झाल्याचे चित्रात दिसणे होय. दाब निश्चित झाल्यास महारंध्राच्या मागच्या कडेचे हाड, आणि गरजेनुसार पहिल्या मणक्याची मागची कमान काढून जागा मोकळी केली जाते. ही शस्त्रक्रिया नाजूक असली तरी अनुभवी हातांत तिचे परिणाम चांगले असतात, आणि ती ज्याच्यावर होते त्या बाळापुढे संपूर्ण आयुष्य असते.

श्वासाचा अडथळा केवळ लंबमज्जेमुळेच होतो असे नाही. चेहऱ्याचा मधला भाग लहान असल्याने नाक-घशाचा मार्गही चिंचोळा असतो, त्यामुळे टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड वाढले की मूल घोरते, मान मागे टाकून झोपते आणि झोपेत घामाघूम होते. मेंदूकडून प्रेरणा न येणे आणि मार्गातच अडथळा असणे या दोहोंचे उपचार सर्वस्वी भिन्न असल्याने स्लीप स्टडीला पर्याय नाही. घोरण्याला गाढ झोपेचे लक्षण समजण्याची घराघरातील समजूत या मुलांच्या बाबतीत घातक ठरते.

मोठे डोके आणि जलशीर्ष

मेंदूभोवती खेळणाऱ्या द्रवाचा निचरा अखेर शिरांत होतो, आणि त्या शिरा ज्या रंध्रांतून कवटीबाहेर पडतात तीही अकॉन्ड्रोप्लेशियात अरुंद असतात. परिणामी शिरांतील दाब वाढतो, द्रव हळू मुरतो आणि मेंदूतील पोकळ्या थोड्या फुगतात. ही स्थिती बहुसंख्य मुलांत आढळते आणि बहुसंख्य मुलांत ती आपोआप स्थिरावते. चित्रात पोकळ्या मोठ्या दिसल्या एवढ्यावरून लगेच शंट, म्हणजे जादा द्रव पोटात उतरवणारी बारीक नळी, बसवणे योग्य नसते. शंट तुंबतो, त्यात जंतुसंसर्ग होतो आणि शस्त्रक्रियांची साखळी सुरू होते. डोक्याचा घेर या विकाराच्या खास तक्त्यावर दर महिन्याला नोंदवणे आणि रेषा एकदम वर झेपावल्यास, टाळू ताणून वर आल्यास, उलट्या किंवा सततची चिडचिड सुरू झाल्यास शल्यचिकित्सकाकडे जाणे, हा शहाणपणाचा मार्ग आहे. टाळू भरताना घरातील आजीचा हात रोज बाळाच्या टाळूवरून फिरतो. त्या हाताला काय शोधायचे ते सांगितले, तर घरातच एक दक्ष निरीक्षक लाभतो.

घरातील हाताळणी आणि पाठीचा कणा

चेन्नईतील तमिळ घरांत साडीची झोळी बांधून बाळाला निजवतात, मराठी घरांतही झोळी आणि पाळणा आहेत, आणि तेल लावून न्हाऊ-माखू घालण्याची रीत दोन्हीकडे आहे. या रीतींत माया आहे आणि त्या सोडून देण्याचे कारण नाही. अकॉन्ड्रोप्लेशियाच्या बाळासाठी मात्र त्यांत काही बदल अनिवार्य आहेत. अंग चोळताना मान मागेपुढे वाकवणे, पायांना धरून उलटे करणे, हवेत उडवणे हे प्रकार पूर्ण बंद झाले पाहिजेत, कारण अरुंद महारंध्रात प्रत्येक झटका मज्जारज्जूला लागतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका मऊ कापडी बैठकींचा आणि पाठ गोलावणाऱ्या बाबागाड्यांचा निषेध करतात. त्याच न्यायाने, पाठ धनुष्यासारखी वाकवणारी आणि हनुवटी छातीवर टेकवणारी खोल झोळीही वर्ज्य ठरते. अशा बाळाला सपाट, बेताच्या कडक अंथरुणावर निजवावे आणि उचलताना डोके व पाठ दोन्हींना आधार द्यावा.

बसवण्याची घाई हा याच विषयाचा दुसरा भाग आहे. सैल स्नायू आणि जड डोके असलेल्या बाळाला उशांच्या आधाराने लवकर बसवले की छाती आणि कंबर यांच्या सांध्यावर पोक येते. बहुतेक मुलांत चालू लागल्यावर ते जाते. पण ज्यांच्यात ते टिकते त्यांच्यात मणके पाचरीच्या आकाराचे होतात आणि पुढे मज्जारज्जूवर दाब येतो. बाळ स्वतःच्या बळावर बसेपर्यंत थांबणे आणि तोवर त्याला पालथे खेळू देणे, हा यावरील बिनखर्चाचा उपाय आहे. शाळेत गेल्यावर शीर्षासन, कोलांटउडी, कबड्डी आणि मनोऱ्याचे खेळ टाळावेत; पोहणे आणि सायकल चालवणे मात्र हितकारक आहे.

प्रौढपणीचा टप्पा

बालपणीचा धोका ओसरल्यावर अनेक वर्षे शांत जातात, आणि बहुधा तिशी-चाळिशीत, कधी त्याआधीही, कमरेचा प्रश्न समोर येतो. सामान्य कण्यात मज्जानळी कमरेच्या पहिल्या मणक्यापासून पाचव्यापर्यंत रुंदावत जाते. अकॉन्ड्रोप्लेशियात ती उलट चिंचोळी होत जाते, शिवाय मणक्यांच्या कमानी आखूड असल्याने तिची खोलीही कमी असते. वयानुसार चकत्या फुगल्या आणि बंधने जाड झाली की उरलीसुरली जागा संपते. थोडे चालल्यावर पाय जड होणे, मुंग्या येणे, कंबर दुखणे आणि थांबून पुढे वाकले किंवा उकिडवे बसले की आराम पडणे, हा त्याचा ठरलेला नमुना होय. वाकल्याने नळी किंचित मोकळी होते, म्हणून हा आराम मिळतो. आणि उकिडवे बसणे आपल्याकडे इतके स्वाभाविक आहे की रुग्णाला व घरच्यांना हे लक्षण थकवाच वाटत राहते. चालण्याचे अंतर महिन्यागणिक घटत असेल, पायांत अशक्तपणा येत असेल किंवा लघवीवरील ताबा कमी होत असेल, तर एमआरआय आणि शल्यचिकित्सकाचा सल्ला यांत विलंब करू नये. कमानींचा मागचा भाग काढून नळी मोकळी करणारी लॅमिनेक्टॉमी ही शस्त्रक्रिया वेळेत झाली तर चालणे परत मिळते. मज्जातंतू फार काळ दबून राहिले असतील तर गेलेली शक्ती पूर्णपणे येत नाही. वजन आटोक्यात ठेवणे हा या बाबतीत प्रत्येकाच्या हातातील उपाय आहे.

याच अरुंदतेमुळे अन्य शस्त्रक्रियांच्या वेळीही सावधगिरी लागते. भूल देताना मान फार मागे वाकवणे धोक्याचे असते आणि पाठीतून दिलेल्या भुलीचे प्रमाण नेहमीच्या हिशेबाने ठरत नाही. अकॉन्ड्रोप्लेशिया असलेल्या गर्भवतीचा श्रोणिभाग अरुंद असल्याने तिची प्रसूती सहसा सिझेरियननेच करावी लागते. म्हणून भूलतज्ज्ञाची भेट गरोदरपणातच झाली पाहिजे, कळा सुरू झाल्यावर नव्हे.

औषध, कायदा आणि समाज

व्होसोरिटाइड हे रोज त्वचेखाली टोचायचे औषध २०२१ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्य झाले. १२१ मुलांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध मिळालेल्या मुलांची वाढ वर्षाला सुमारे दीड सेंटिमीटरने अधिक झाली. कूर्चेवर बसलेला अतिरिक्त आवर सैल करणारे हे पहिले औषध असल्याने त्याचे महत्त्व मोठे आहे. परंतु ते फार महाग आहे, आणि ते मिळाले तरी पहिल्या महिन्यांतील महारंध्राची तपासणी टळत नाही. हातपाय लांबवण्याच्या शस्त्रक्रियेने उंची वाढते, पण मज्जारज्जूच्या मार्गात तिने काहीही फरक पडत नाही. उंचीसाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला हे आधी सांगणे वैद्यकाचे कर्तव्य आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी प्रौढ उंचीला दिव्यांगत्वाची मान्यता दिली, हे मोठे पाऊल होय. तथापि या मान्यतेचा निकष उंची हाच राहिला, आणि चालता न येण्याचे कारण ठरणारा कण्यातील दाब त्या मापात येत नाही. समाजाची नजर तर याहून संकुचित राहिली. १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी भारतीय सर्कस उभी केली तेव्हापासून आपल्या रंजनविश्वात बुटक्या माणसाच्या वाट्याला बहुतांशी उड्या मारण्याचे आणि आपटून घेण्याचे काम आले. ज्या शरीराला उडी आणि आपटणे यांपासून सर्वाधिक जपायला हवे, त्याच शरीराला पोटासाठी ते करावे लागावे, ही विनोदाची बाब नाही. तो मज्जारज्जूवरील अत्याचार आहे. शिक्षण आणि सन्मानाची नोकरी हेही या विकारात एका अर्थी मज्जासंस्थेचे संरक्षण आहे.

पुढील काम

या शहराला आणि एकूणच तमिळनाडूला नोंदींची परंपरा आहे. फीटल केअर रिसर्च फाउंडेशन या चेन्नईतील संस्थेने २००१ मध्ये जन्मजात दोषांची भारतीय नोंदवही सुरू केली. त्याआधी दोन शतके, तंजावरचे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांच्या पदरी नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून उपचारांची टिपणे ठेवली जात होती. रुग्णागणिक नोंद ठेवण्याची हीच शिस्त अकॉन्ड्रोप्लेशियाला हवी आहे. गर्भातील मांडीच्या हाडाचा आखूडपणा सोनोग्राफीत बहुधा सहाव्या महिन्यानंतरच स्पष्ट होतो, त्यामुळे अनेक घरांत निदान जन्मानंतर होते. निदान होताच बाळाच्या हातात एक कार्ड असावे, ज्यावर डोक्याचा घेर, क्लोनसची तपासणी, स्लीप स्टडी, एमआरआय, श्रवणचाचणी आणि पाठीची तपासणी यांच्या तारखा छापलेल्या असतील, आणि प्रौढ झाल्यावर तेच कार्ड कमरेच्या तपासणीपर्यंत चालू राहील. एग्मोरचे बालरुग्णालय, सेंट्रल स्थानकासमोरचे सामान्य रुग्णालय आणि मुट्टुकाडू येथील बहुविकलांगांसाठीची राष्ट्रीय संस्था यांच्यासारखी केंद्रे ज्या शहरात आणि त्याच्या आसपास आहेत, त्याला हे काम अवघड नाही. चेन्नईने ते हाती घ्यावे, महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याचे अनुकरण करावे, आणि ज्यांच्या घरात किंवा शेजारी असे बाळ आहे त्यांनी त्याची उंची मोजण्याआधी त्याची मान, श्वास आणि पाय तपासून घेण्याचा आग्रह धरावा. ही तपासणी पहिल्या काही महिन्यांत झाली, तर वाचवता येणारे एकही बाळ गमावण्याचे कारण उरणार नाही.